बटन आज लावलं, कोड कधी चालणार? वाचकांचे प्रश्न, लिस्प स्पेशल

लिस्प या प्रोग्रामिंग भाषेवरचे प्रश्न बरेच दिवस साठले होते, या वेळी सगळे एकदम घेतो. एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, हे पान देवनागरीत छापतात म्हणून कोडसुद्धा देवनागरीत दिलाय, तुम्ही मशीनवर लॅम्डा, लेट, लूप वगैरे इंग्रजी अक्षरांतच टाईप करायचं. व्हेरिएबलची नावं मात्र मराठीत ठेवलीत तरी चालतात, एसबीसीएल (कॉमन लिस्प चालवणारा प्रोग्राम) आणि रॅकेट (लिस्पच्याच घरातली भाषा) दोन्ही मुकाट्याने घेतात. मी स्वतः 'मासा', 'भाव' अशीच नावं देतो, ऑफिसातले हसतात ते हसोत.

म्हापशाहून एक कॉलेजवाली वाचक: दादा, माझी आई म्हापशाच्या बाजारात मासे विकते. तिच्यासाठी मी कॉमन लिस्प आणि एलटीके (खिडक्या-बटनांची लायब्ररी) वापरून छोटं अ‍ॅप करतेय. बांगडा, तारले, सुंगटं, इसवण, मोरी अशी पाच बटनं, जे दाबलं त्याचा एक वाटा हिशोबात पडायचा. बटनं लूपने केली, नावंही बरोबर येतात, पण कुठलंही दाबलं तरी मोरीच पडते! दोन दिवस डोकं फोडून झालं. त्याआधी तर अजून विचित्र चाललेलं, बटन न दाबताच अ‍ॅप उघडल्या उघडल्या एंट्री पडायची आणि मग दाबलं तर काहीच नाही. तो घोळ लॅम्डा टाकल्यावर गेला पण का गेला ते कळलं नाही.

बाय, दोन्ही घोळ एकाच घरातले. आधी जुना बघू. तू बटनाच्या कमांडला सरळ (नोंद-कर मासा) दिलं असशील. लिस्पचा नियम असा की फंक्शनला काही द्यायचं तर ते आधी पूर्ण करून मगच देणार. म्हणजे बटन बनवतानाच नोंद होऊन गेली, आणि नोंद झाल्यावर तुझ्या फंक्शनने शेवटी जे परत दिलं, बहुतेक निल म्हणजे 'काहीच नाही', ते बटनाच्या हातात काम म्हणून गेलं. निल हे काही काम नव्हे, म्हणून नंतर दाबून उपयोग शून्य. लॅम्डा, म्हणजे बिननावाचं फंक्शन, गुंडाळला की तू सांगतेस, हे आत्ता करू नको, चिठ्ठी खिशात ठेव, दाबल्यावर उघड.

आता मोरी. लूप फॉर मासा इन मासे असं लिहिलं की 'मासा' हा डबा, म्हणजे व्हेरिएबल, एकच असतो, लूप दर फेरीला त्याच डब्यातला माल बदलतं. आईच्या टोपलीपाशी लिहायची एकच पाटी आहे असं समज, त्यावर बांगडा लिहिलं, पुसलं, तारले लिहिलं, पुसलं, शेवटी मोरी लिहिलं आणि लूप संपलं. पाचही चिठ्ठ्यांवर 'पाटीवर काय लिहिलंय ते बघ' एवढंच आहे. तू बटन दाबतेस तेव्हा पाटीवर मोरी. बटनावरचं नाव बरोबर का? कारण नाव बटन बनतानाच वाचलं गेलं, चिठ्ठी नंतर उघडली. म्हणून प्रत्येक फेरीत नवी पाटी दे:

(लूप फॉर मासा इन मासे डू
  (लेट ((हा मासा))
    (पॅक (मेक-इन्स्टन्स 'बटन
            :टेक्स्ट हा
            :कमांड (लॅम्डा () (नोंद-कर हा))))))

लेटने दर वेळी 'हा' नावाचा नवा डबा केला आणि लॅम्डाने तोच धरला. लूपच्या जागी मॅपसी (यादीतल्या प्रत्येकावर फंक्शन चालवणारं) वापरलंस तरी भागतं, कारण फंक्शनच्या प्रत्येक कॉलला नवा डबा मिळतोच. डू-टाइम्स आणि डू-लिस्ट या दुसऱ्या लूपांच्या बाबतीत कॉमन लिस्पच्या १९९४ च्या एएनएसआय स्टँडर्डने हात वर केलेत, नवा डबा द्यायचा की तोच फिरवायचा ते ज्याने त्याने ठरवावं म्हणे, त्यामुळे एका लिस्पमध्ये चाललं म्हणून दुसरीत चालेल या भरवशावर राहू नको, लेट लिहून मोकळी हो. (रॅकेटच्या फॉरमध्ये दर फेरीला नवाच डबा असतो, तिथे हा प्रश्न येत नाही.)

पण आता गंमत पुढेच आहे. तू विचारलं नाहीस तरी सांगतो कारण हे तुला आठ दिवसांत चावणार. भाव. सकाळी शंभराला पाच बांगडे असतात, बाजार उठायच्या वेळी तेच शंभराला आठ. वरची युक्ती कळल्यावर माणूस उत्साहात भावसुद्धा लेटमध्ये धरून ठेवतो, आणि मग दुपारी भाव बदलला तरी बटन सकाळचाच धरून बसतं. म्हणजे माशाचं नाव बटन बनताना धरायचं आणि भाव मात्र दाबल्याच्या क्षणी टेबलातून वाचायचा. कुठली गोष्ट आत्ता पक्की करायची आणि कुठली उशिरा बघायची हे प्रत्येक बटनामागे स्वतःला विचार, अर्धं खिडकीचं प्रोग्रामिंग तिथेच सुटतं.

आणि नोंद-कर मध्ये खिडकीचं नावसुद्धा येऊ देऊ नको. त्याने यादीत नोंद टाकावी, एकूण परत द्यावा, बस. मग आरईपीएलवर (एकेक ओळ टाईप करून लगेच चालवायची जागा) बसून बटन न दाबता पन्नास नोंदी टाकून हिशोब तपासता येतो. स्लाइम (ईमॅक्स एडिटरमधून चालू लिस्पशी बोलायचं साधन) वापरत असशील तर खिडकी उघडी ठेवून मागून नोंद-कर पुन्हा डिफाइन कर, पुढच्या क्लिकला नवा कोड चालेल, बंद करून परत चालू करायची गरज नाही. अट एकच, वर दिलाय तसा लॅम्डाच्या आत नावाने कॉल असायला हवा. शार्प-कोटने (#') फंक्शनच उचलून दिलंस तर बटन जुनं धरून बसेल. बघ, परत तेच.

आईच्या लॅपटॉपवर नेताना: एसबीसीएलमध्ये सेव्ह-लिस्प-अँड-डाय नावाचं फंक्शन आहे (नाव कुणी ठेवलं कुणास ठाऊक, घरी सांगू नको), त्याने एकच चालणारी फाईल मिळते. पण एलटीके स्वतः खिडकी काढत नाही, ते मागे टीके टूलकिटचा विश नावाचा वेगळा प्रोग्राम चालू करतं आणि त्याच्याशी साध्या टेक्स्टमध्ये बोलतं. म्हणून त्या लॅपटॉपवर टीसीएल-टीके असायलाच हवं, नाहीतर तुझ्याकडे चालतंय आणि बाजारात खिडकीच उघडत नाही. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलरबंदी असते तेव्हा गर्दी जरा कमी, तेवढ्यात ट्रायल घे, चवथीच्या तोंडावर नको.

मडगावहून एक ड्राफ्ट्समन: मी आर्किटेक्टकडे कामाला आहे, प्रोग्रामर नाही. ऑटोकॅडमध्ये ऑटोलिस्प शिकून चिऱ्याच्या भिंतींसाठी कमांड केली, डीसीएलने (ऑटोकॅडची डायलॉग लिहायची भाषा) डायलॉगही केला, लांबी आणि जाडी विचारतो. पण ओके दाबल्यावर लांबी रिकामीच मिळते. दुसरं म्हणजे हाताने आकडे दिले तर भिंत येते पण कधीकधी कोपरा भलत्याच खांबाला जाऊन चिकटतो. झूम करून केलं की बरोबर येतं. हे काय भूत आहे?

भाऊ, प्रोग्रामर नाही असं म्हणू नका. ऑटोकॅडमध्ये लिस्प १९८६ पासून आहे आणि तुमच्यासारख्या ड्रॉइंग बोर्डावरच्या माणसांनीच ती इतकी वर्षं चालवली, कॉम्प्युटर सायन्सवाले तिच्याकडे ढुंकून बघत नाहीत.

रिकाम्या लांबीचं कारण वेळेचंच आहे. तुम्ही स्टार्ट-डायलॉगच्या खालच्या ओळीत गेट-टाइल (रकान्यातली किंमत वाचणारं) लिहिलंय ना? स्टार्ट-डायलॉग तिथेच थांबून राहतो, ओके दाबलं की डायलॉग मिटतो आणि मगच खालची ओळ येते. तोवर रकाने गेले, विचारणार कुणाला. किंमत काढायची ती डायलॉग उघडा असतानाच, म्हणजे ओकेच्या अ‍ॅक्शन-टाइलमध्ये, आधी गेट-टाइलने वाचून सेटक्यूने व्हेरिएबलमध्ये ठेवा आणि मग डन-डायलॉगने डायलॉग मिटवा, या क्रमाने. अ‍ॅक्शन-टाइलला लॅम्डा नाही, कोड चक्क स्ट्रिंगमध्ये लिहून द्यावा लागतो आणि आतल्या अवतरणांना बॅकस्लॅश लावत बसावं लागतं, दिसायला ओंगळ पण चालतं. त्या स्ट्रिंगला तुमच्या फंक्शनची लोकल व्हेरिएबल दिसतात का असा प्रश्न पडेल, तर दिसतात, कारण ऑटोलिस्पमध्ये जे फंक्शन चालू आहे त्याची व्हेरिएबल सगळ्यांना दिसतात आणि तुमचं फंक्शन त्या वेळी स्टार्ट-डायलॉगपाशी उभंच असतं.

अजून दोन बारीक गोष्टी. गेट-टाइल नेहमी स्ट्रिंग देतं, तुम्ही ३.५ टाकलं तरी ते अक्षरं म्हणूनच येतं, एटॉफने आकडा करून घ्या. आणि डायलॉग उघडा असताना 'कमांड' हे फंक्शन (ऑटोकॅडच्या कमांड चालवणारं) चालत नाही, म्हणून आत फक्त किंमती गोळा करायच्या, भिंत काढायची ती बाहेर आल्यावर. स्टार्ट-डायलॉग १ परत देतो की ० ते बघा, ० म्हणजे माणसाने कॅन्सल केलंय, तेव्हा गप्प बाहेर पडायचं.

भूत म्हणजे ऑस्नॅप, पॉइंट जवळच्या टोकाला आपोआप चिकटवणारी सोय. कमांड फंक्शनमधून दिलेला पॉइंटसुद्धा, ऑस्नॅप चालू असला की, जवळच्या एंडपॉइंटला ओढला जातो. 'जवळ' हे स्क्रीनच्या पिक्सेलमध्ये मोजतात, म्हणून लांबून बघताना दोन मीटरवरचा खांबही 'जवळ' असतो आणि झूम केल्यावर तो लांब जातो. इलाज, ऑसमोड या ऑस्नॅपच्या सेटिंगची जुनी किंमत धरून ठेवा, ० करा, भिंत काढा, जुनी परत लावा. पण मध्येच कुणी एस्केप दाबलं तर परत लावणारी ओळ येतच नाही, म्हणून *एरर* नावाचं फंक्शन लिहून त्यातही ती किंमत परत लावायची, आणि डिफनच्या कंसात स्लॅशनंतर लोकलच्या यादीत *एरर* सुद्धा टाकायचं म्हणजे तुमचं काम संपल्यावर मूळचं परत येतं. मी शिकत होतो तेव्हा हे केलं नव्हतं. एका सीनियरने माझी कमांड चालवून मध्येच एस्केप मारलं आणि अख्खी दुपार ऑस्नॅपशिवाय प्लॅन काढला, संध्याकाळी हॅच भरेना तेव्हा कळलं की एकही कोपरा धड जुळलेला नाही. त्यांनी मला काय म्हटलं ते कोंकणीत होतं आणि इथे छापण्यासारखं नाही. एखाददुसराच पॉइंट असेल तर त्याच्या आधी 'नॉन' हा स्नॅप शब्द द्या, तेवढ्यापुरता ऑस्नॅप बंद राहतो.

डिचोलीहून गावच्या वाचनालयाचे एक कार्यकर्ते: आमची आठेक हजार पुस्तकांची यादी सीएसव्हीत आहे. रॅकेटमध्ये खिडकी केली, 'यादी उघडा' बटन दाबलं की खिडकी पांढरी पडते, विंडोज म्हणतं प्रोग्राम रिस्पॉन्ड करत नाही, मग थोड्या वेळाने सगळं येतं. आणि यादी अकारविल्हे लावली तर 'काळ' हे 'काव' च्या आधी येतं, आमचे जुने सभासद ओरडतात.

आधी पांढरी खिडकी. रॅकेटमध्ये बटनांचे क्लिक घेणं, खिडकी रंगवणं आणि तुमचा कॉलबॅक (बटन दाबल्यावर चालणारं फंक्शन) चालवणं ही सगळी कामं एकच थ्रेड करतो. रायबंदरच्या धक्क्यावर एकच फेरीबोट समजा, ती चोडणला गेली की इकडचे सगळे रांगेत, कितीही हॉर्न वाजवा. तुमचा कॉलबॅक जितका वेळ फाईल वाचतो तितका वेळ खिडकीला कुणी वाली नाही. मोठं काम वेगळ्या थ्रेडमध्ये टाका आणि काम झाल्यावर त्या थ्रेडमधून खिडकीला थेट हात न लावता क्यू-कॉलबॅकला एक लॅम्डा द्या, म्हणजे बोट परत आल्यावर तिच्या फेरीत तो चढेल:

(थ्रेड (लॅम्डा ()
  (डिफाइन यादी (पुस्तकं-वाच "यादी.सीएसव्ही"))
  (क्यू-कॉलबॅक (लॅम्डा () (यादी-दाखव यादी)))))

तोवर बटन डिसेबल करा, नाहीतर मंडळी चारदा दाबतात. पण खरं सांगू का, आठ हजार ओळी वाचायला रॅकेटला एवढा वेळ लागायला नको. माझा संशय असा की तुम्ही एकेक पुस्तक अपेंडने लिस्ट-बॉक्समध्ये टाकताय आणि दर वेळी खिडकी हलतेय. आधी पूर्ण यादी तयार करून सेट मेथडने एकदाच द्या, कदाचित थ्रेडची गरजच उरणार नाही. आणि लिस्ट-बॉक्समधली एक ओळ २०० अक्षरांपेक्षा मोठी चालत नाही, जुन्या धार्मिक पुस्तकांची नावं लांबलचक असतात, तिथे कापून घ्या नाहीतर एरर येईल.

आता ळ. तुमचे जुने सभासद बरोबर आहेत आणि कॉम्प्युटर चूक आहे. रॅकेटची साधी स्ट्रिंग तुलना युनिकोडचे नंबर बघते. त्यात ल २३५४, ळ त्याला लागून २३५५, मग व २३५७ आणि ह २३६१. आपल्या वर्णमालेत ळ ह नंतर येतो. म्हणून मी काय करतो, शब्दाची आकड्यांची यादी करतो आणि फक्त ळ ला २३६१.५ हा नंबर देतो! ह च्या पुढे, बाकी कुणाच्या अध्यातमध्यात नाही. मग दोन याद्यांची तुलना म्हणजे शाळेतली रिकर्शन: पहिली यादी संपली असेल तर ती आधी, पहिले आकडे वेगळे असतील तर लहान तो आधी, सारखे असतील तर उरलेल्या याद्यांना हाच प्रश्न. सहा-सात ओळींचं फंक्शन होतं. सॉर्टला ते तुलनेसाठी द्या, आकड्यांची यादी करणारं फंक्शन 'की' (कशावरून तुलना करायची ते) म्हणून द्या, आणि कॅश-कीज चालू करा म्हणजे प्रत्येक नावाची यादी एकदाच होईल. ळ ला अर्धा नंबर दिला म्हणून एका व्याकरणवाल्या मित्राने मला झापलंय, पण यादी बरोबर लागते.

अजून एक, मराठी नाव डोळ्यांना किती लांब दिसतं हे स्ट्रिंग-लेंग्थने मोजू नका (वरची २०० ची मर्यादा मात्र स्ट्रिंग-लेंग्थचीच). 'म्हापसा' हा शब्द डोळ्यांना तीन अक्षरांचा, स्ट्रिंग-लेंग्थ सात सांगतं, कारण काना, पायमोडी सगळं वेगळं मोजतं. नाव कापताना शेवटचा काना उडाला तर 'म्हापस' होतं. रॅकेटमध्ये स्ट्रिंग-ग्राफीम-काउंट आहे, ते डोळ्यांच्या जास्त जवळ जातं.

पणजीहून: मी 'मोठा' नावाचा मॅक्रो लिहिला, दोनपैकी मोठी किंमत देतो. त्यात (मोठा (विचार "किती?") १०) असं दिलं तर विचार-ची खिडकी दोनदा उघडते. कधीकधी एकदाच उघडते. वेड लागायची पाळी.

वेड नको लागू दे मरे. मॅक्रो प्रोग्राम चालायच्या आधीच चालून जातो आणि त्याला किंमत मिळत नाही, कोडचा तुकडा मिळतो. तुझ्या मॅक्रोने तो तुकडा दोन जागी चिकटवला, एकदा तुलनेत, एकदा उत्तरात. उत्तर १० पेक्षा मोठं असेल तर दुसरी जागाही चालते आणि खिडकी परत येते, लहान असेल तर एकदाच. मॅक्रोच्या आत जेनसिमने नवं नाव घेऊन लेटमध्ये किंमत एकदाच धरली की सुटेल. पण मुळात इथे मॅक्रो कशाला? साधं फंक्शन कर, त्याला दिलेली गोष्ट एकदाच चालते. मॅक्रो तिथे लिही जिथे फंक्शनला जमतच नाही, उदाहरणार्थ वरच्या म्हापशाच्या मुलीसाठी असं 'बटन' की दिलेल्या कोडभोवती लॅम्डा आपणच गुंडाळेल. फंक्शनला ते जमणार नाही, त्याच्या हातात पोचेपर्यंत कोड चाललेला असतो.

पेडण्याहून एक निवृत्त शिक्षक: नातवाच्या पुस्तकात कार आणि कुडर वाचले. मोटारीचा काय संबंध?

मास्तर, नमस्कार. मोटारीचा नाही, आयबीएम ७०४ नावाच्या मशीनचा. जॉन मॅकार्थी यांनी १९५८ मध्ये एमआयटीत लिस्पचं काम सुरू केलं तेव्हा ती त्या मशीनवर उभी राहिली, आणि त्या मशीनच्या एका 'शब्दात' (मेमरीच्या एका खणात) अ‍ॅड्रेस आणि डिक्रिमेंट असे दोन भाग होते, त्यांच्या आद्याक्षरांवरून ही नावं पडली. मशीन गेलं, नावं राहिली. कार म्हणजे जोडीतलं पहिलं, कुडर म्हणजे उरलेलं. नातू रॅकेट शिकत असेल तर फर्स्ट आणि रेस्ट वापरू दे, फक्त ती खऱ्या यादीवरच चालतात, नुसत्या जोडीवर कार-कुडरच.

वास्कोहून, एका ओळीत: इतके कंस मोजायचे कसे?

मोजायचेच नाहीत. एडिटरला इंडेंट करू द्या आणि ओळ कुठे सरकली ते बघा, कंस चुकला असेल तर ती ओळ भलतीकडेच जाऊन बसलेली दिसेल.